दुसऱ्यांचा कोड, आपलं यंत्र

सॉफ्टवेअरच्या नोकरीत नव्याने आलेल्या मुलामुलींना वाटतं, आपलं काम कोड लिहिण्याचं. प्रत्यक्षात आपण लिहिलेल्या ओळींच्या खाली दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळींचा डोंगर असतो. अक्षरं पडद्यावर काढणं, चित्रं उलगडणं, माहिती साठवणं, नेटवर्कशी बोलणं ही सगळी कामं दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेली असतात आणि त्यातला बराचसा कोड मुक्त स्रोताचा असतो. आपण तो रोज वापरतो, पण उघडून क्वचितच बघतो. पुण्यात इतकी वर्षं हे काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. मुक्त स्रोताचा परवाना आपल्याला कोड वाचण्याचा आणि बदलण्याचा हक्क देतो. पण तो कोड आपल्या यंत्रावर बिल्ड होतो, चालतो आणि मध्येच थांबवून त्याला प्रश्न विचारता येतो, तेव्हाच तो हक्क खरा होतो. तोवर तो कागदावरच राहतो.

हे मत ज्या कामातून घडलं, ते मराठी अक्षरांचंच काम होतं. आमची टीम मराठी पुस्तकं वाचण्याच्या एका ॲपवर काम करत होती. वाचकांच्या तक्रारी येऊ लागल्या, की काही पुस्तकांत ‘ऱ्य’ नीट दिसत नाही. सह्याद्रीच्या दऱ्या पडद्यावर ‘दर्या’ होऊन येत होत्या. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्यांना दिलेली सूचना आचार्यांना दिल्यासारखी दिसत होती. मराठी वाचणाऱ्याला हा फरक किती मोठा, ते सांगायला नको. अर्थच बदलतो. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी, की इतर कित्येक पुस्तकांत हेच अक्षर अगदी बरोबर दिसत होतं. फॉन्ट तोच, ॲप तेच, फोनही तोच.

संशय साहजिकच हार्फबझवर गेला. युनिकोडच्या क्रमांकांची रांग घेऊन फॉन्टमधल्या योग्य आकृत्या निवडायच्या आणि योग्य क्रमाने मांडायच्या, हे या लायब्ररीचं काम. देवनागरीत ते सोपं नाही. ‘कि’ लिहिताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर साठवलेली असते, पण दिसताना वेलांटी आधी यावी लागते. ‘र्क’मधला ‘र’ सुरुवातीला साठवलेला असतो, पण रफार होऊन ‘क’च्या डोक्यावर चढतो. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत हे काम हार्फबझ करते. तिच्या कोडची मुळं फ्रीटाइप या प्रकल्पात आहेत. आजचं तिचं रूप मुख्यतः बेहदाद एस्फाहबोद या इराणी-कॅनेडियन अभियंत्याने नव्याने लिहून उभं केलं. जगातले अब्जावधी पडदे जिच्यावर अवलंबून आहेत, ती लायब्ररी कुणालाही फुकट उतरवून घेता येते.

मी म्हटलं, हा कोड आपल्या यंत्रावर आणू आणि आत जाऊन बघू. टीममध्ये नव्यानेच आलेल्या एका मुलाने विचारलं, “मॅम, पण ही लायब्ररी आपली नाहीये ना?” मी म्हटलं, “आपली नाही. पण तिच्यावाचून आपलं चालतंय का?” तो हसला आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. पुढचं सगळं काम आम्ही दोघांनी मिळून केलं.

कोड ‘आणणं’ म्हणजे काय, याची माझ्या पिढीची पहिली ओळख एक्लिप्स या एडिटरमधून झाली. फाइल, इम्पोर्ट, ‘एक्झिस्टिंग प्रोजेक्ट्स इनटू वर्कस्पेस’. उतरवून घेतलेलं फोल्डर दाखवायचं आणि उत्तर यायचं, ‘नो प्रोजेक्ट्स आर फाउंड टू इम्पोर्ट’. समोर हजारो ओळींचा कोड आणि एक्लिप्स म्हणतंय, इथे काहीच नाही. कारण साधं होतं. एक्लिप्स त्या फोल्डरमध्ये आपली स्वतःची ‘डॉट प्रोजेक्ट’ नावाची फाइल शोधत होतं, आणि मेक या बिल्डच्या साधनावर बांधलेल्या सी भाषेतल्या प्रकल्पाला अशी फाइल असण्याचं काही कारणच नव्हतं. सी भाषेसाठी ‘मेकफाइल प्रोजेक्ट विथ एक्झिस्टिंग कोड’ असा वेगळा पर्याय होता. तो निवडला की फाइली दिसायच्या, पण ‘अनरिझॉल्व्ह्ड इनक्लूजन’च्या पिवळ्या खुणांनी पानं भरून जायची. कोणती हेडर फाइल कुठे आहे, कोणता मॅक्रो चालू आहे, हे मेकला माहीत होतं, एक्लिप्सला नव्हतं. त्यातून मला एक गोष्ट कळली, ती आजही उपयोगी पडते. प्रत्येक प्रकल्पाची स्वतःची एक राहणी असते. एडिटरने ती राहणी समजून घ्यायची असते. प्रकल्पाला आपल्या एडिटरच्या साच्यात कोंबायला गेलं, की दोघांचंही नुकसान होतं.

म्हणून हार्फबझच्या वेळी आम्ही सुरुवातीला एडिटर उघडलाच नाही. गिट क्लोन केलं, तेही संपूर्ण इतिहासासकट. घाईत असलेले लोक ‘डेप्थ एक’ देऊन फक्त शेवटची अवस्था उतरवतात. नुसतं बिल्ड करायचं असेल तर तेवढं पुरतं. पण समजून घ्यायचं असेल तर इतिहास लागतो. एखादी ओळ विचित्र वाटली, की ती कुणी, केव्हा आणि कुठल्या तक्रारीच्या उत्तरादाखल लिहिली, ते गिटमध्ये कळतं. दूरवरच्या, कधीही न भेटलेल्या माणसाचं त्या दिवशीचं म्हणणं कमिटच्या संदेशात जपलेलं असतं. ते फेकून देऊन नुसत्या फाइली आणणं मला पटत नाही. नर्सरीतून रोप आणताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा कुणी झटकून टाकत नाही, तसंच हे.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. आमच्या ॲपमध्ये हार्फबझची एक प्रत आधीपासूनच होती, पण ती फोल्डर उचलून ठेवल्यासारखी होती. तिच्याबरोबर इतिहास नव्हता, आणि कुणी मध्ये हात लावला होता का, याची नोंदही नव्हती. सुदैवाने लायब्ररीच्या एका हेडर फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो. तो पाहिला, मूळ भांडारात त्याच टॅगवर गेलो आणि दोन्ही प्रतींतला फरक काढला. फरक नव्हता. तेव्हा कुठे खात्री पटली, की आपण जे वाचणार आहोत तेच वाचकांच्या फोनवर चालतं आहे. ही पायरी लोक सर्रास गाळतात. ताजी मुख्य शाखा उतरवतात, तीत दोष दिसत नाही आणि मग दिवसभर भलत्याच कोडशी झुंजत बसतात.

तिसरी गोष्ट ‘कॉपीइंग’ नावाची फाइल, म्हणजे परवाना. हार्फबझचा परवाना जुन्या एमआयटी धाटणीचा आहे. कोड वापरा, बदला, वाटा, फक्त हक्काची सूचना त्याच्याबरोबर राहू द्या, एवढीच त्याची अपेक्षा. जीपीएलचा कोड असता तर आमच्या उत्पादनात तो कसा जोडायचा, याचा वेगळा विचार करावा लागला असता. परवाना वाचणं हे कंपनीच्या वकिलांचं काम आहे असं पुष्कळ अभियंत्यांना वाटतं. मला ते कोड लिहिणाऱ्याचंही काम वाटतं. ज्याने स्वतःचे श्रम आपल्यापुढे मोकळे ठेवले, त्याची अट एकदा तरी नीट वाचावी. ती बहुतेक वेळा पानभरसुद्धा नसते.

मग बिल्डची कृती. प्रत्येक प्रकल्पात ती लिहिलेली असते, पण लिहिलेली कृती कधीकधी जुनी झालेली असते. म्हणून मी नव्या मुलांना एक युक्ती सांगते. प्रकल्पाच्या स्वयंचलित चाचण्यांची फाइल शोधा. कुणी नवा बदल पाठवला, की एखादं कोरं यंत्र उभं करून त्यावर काय काय बसवायचं, कोणत्या क्रमाने आज्ञा द्यायच्या, हे सगळं तिच्यात असतं. ती फाइल रोज चालते. चुकीची असेल तर त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं. ती वाचली, की उबंटूवर कोणती पॅकेजं लागतात, कोणते पर्याय चालू ठेवायचे, कोणते बंद, हे अंदाज न बांधता कळतं.

हार्फबझ पूर्वी ऑटोटूल्सने बिल्ड व्हायची, आता मेसनने होते. मेसन आधी यंत्राची पाहणी करतं, त्यातून निंजासाठी आज्ञांची यादी तयार करतं आणि मग निंजा ती यादी झपाट्याने पार पाडतं. मेसनची ती पाहणी वेगाने सरकून जाते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत. आम्ही ती ओळ न् ओळ वाचली. सोबतच्या लायब्ररींपैकी ग्लिब सापडलं का? कैरो सापडलं का? फ्रीटाइप? या तिन्हींशिवायही मूळ लायब्ररी बिल्ड होते, पण अक्षरांची मांडणी तपासून पाहायला आम्हाला हवी असलेली ‘एचबी-शेप’ आणि ‘एचबी-व्ह्यू’ ही दोन साधनं मिळत नाहीत. एखादी गोष्ट यंत्रावर नसेल तर मेसन ती ‘सबप्रोजेक्ट्स’मधल्या नोंदीनुसार नेटवरून परस्पर उतरवूही शकतं. सोय चांगली आहे, पण मग आपल्या बिल्डमध्ये नेमकी कोणती प्रत आली हे ठाऊक असलं पाहिजे. आम्ही ते बंद ठेवलं आणि लागणारी पॅकेजं स्वतः बसवली.

याच टप्प्यावर एक सुंदर गाठ समोर आली. हार्फबझला फ्रीटाइप वापरता येतं. फ्रीटाइपलाही, अक्षरांच्या कडा पडद्याच्या ठिपक्यांवर आपोआप नीट बसवताना, हार्फबझ वापरता येते. मग आधी कुणाला बांधायचं? यावरचा रूढ उपाय असा, की आधी फ्रीटाइप हार्फबझशिवाय बांधायचं, मग त्याच्या आधारे हार्फबझ, आणि मग हवं असेल तर फ्रीटाइप पुन्हा एकदा हार्फबझसकट. टीममधल्या त्या नव्या मुलाने ही गाठ फळ्यावर बाण काढून सोडवली. दोन स्वतंत्र प्रकल्प, त्यांची वेगवेगळी माणसं, आणि तरीही एकमेकांच्या खांद्यावर हात. पाठ्यपुस्तकात ‘अवलंबित्व’ हा शब्द वाचून हे कळत नाही. बिल्ड करताना कळतं.

टीममधली एक मैत्रीण विंडोजवर काम करायची. तिच्या यंत्रावर एक शेल स्क्रिप्ट सुरूच होईना. गिट विंडोजवर बऱ्याचदा ओळीच्या शेवटाच्या खुणा बदलून देतं, आणि तो एक अदृश्य वर्ण पहिल्या ओळीला चिकटला, की लिनक्सचं शेल ती आज्ञा ओळखतच नाही. असाच अनुभव लिनक्सचा कर्नल विंडोजवर किंवा मॅकवर उतरवणाऱ्यांना येतो. त्या कोडमध्ये फक्त लहान-मोठ्या लिपीचा फरक असलेल्या नावांच्या फाइलींच्या जोड्या आहेत, आणि जी फाइल व्यवस्था तो फरक मानत नाही तिच्यावर अशा जोडीतली एक फाइल दुसरीला पुसून टाकते. कोड तोच, पण जमीन बदलली की त्याचं वागणं बदलतं. शेवटी आम्ही सगळ्यांसाठी एक डॉकर फाइल लिहिली. कोणती लिनक्स, कोणती पॅकेजं, कोणत्या आवृत्त्या, सगळं तिच्यात. त्यानंतर कुणाच्या लॅपटॉपवर काय आहे, हा प्रश्नच उरला नाही.

बिल्ड टर्मिनलवर स्वच्छ झालं, तेव्हाच आम्ही एडिटर उघडला. इथे गेल्या दशकात झालेला बदल मला फार मोलाचा वाटतो. मेसन निंजाच्या आज्ञा तयार करतानाच ‘कंपाइल कमांड्स’ नावाची एक जेसॉन फाइलही लिहितं. कोणती फाइल कोणत्या फोल्डरमधून, कोणत्या पर्यायांनी, कोणत्या मॅक्रोंसह कंपाइल होते, याची ती यादी. सीमेकलाही एका पर्यायाने ती देता येते. साध्या मेकच्या प्रकल्पात ‘बेअर’ नावाचं साधन कंपायलरला दिलेल्या आज्ञा टिपून ती बनवतं. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, आणि मग क्लँगडीसारखा सर्व्हर हीच यादी वाचून कुठल्याही एडिटरला सांगू लागला, की ही व्याख्या इथे आहे, हा मॅक्रो चालू आहे, हा बंद. एक्लिप्सच्या काळात जे ज्ञान मेकच्या पोटात अडकून पडायचं, ते आता एका साध्या फाइलमधून एडिटरपर्यंत पोचतं. व्हीएस कोडला आम्ही ती फाइल दाखवली आणि लाल रेषा नाहीशा झाल्या. कुठल्याही नावावर क्लिक करावं आणि त्याच्या जन्मस्थळी जावं, हे शक्य झालं.

तरी एक गोष्ट एडिटर सांगत नाही. समोरची फाइल माणसाने लिहिली आहे की यंत्राने? हार्फबझमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे ओळखणारं एक यंत्राने लिहिल्यासारखं वाटणारं हेडर आहे, आकड्यांच्या लांबच लांब रांगांचं. ते वाचत बसणं व्यर्थ. ते रॅगल नावाच्या साधनाने तयार केलेलं आहे. माणसाने लिहिलेली मूळ फाइल वेगळी आहे आणि ती पानभरात वाचून होते. व्यंजन, हलंत, नुक्ता, मात्रा यांचा कोणता क्रम म्हणजे एक अक्षर, ते तिथे जवळजवळ व्याकरणासारखं लिहिलेलं आहे. कोणता वर्ण कोणत्या प्रकारचा, याचा तक्ताही असाच युनिकोडच्या फाइलींवरून एका पायथन स्क्रिप्टने बनवलेला आहे, आणि त्याच्या माथ्यावर तशी स्पष्ट नोंद आहे. नवा कोड आणल्यावर आधी ही विभागणी करावी. निम्मा धाक तिथेच कमी होतो.

मग चाचण्या. ‘मेसन टेस्ट’ अशी आज्ञा दिली आणि त्या एकामागून एक हिरव्या होत गेल्या. हार्फबझच्या बऱ्याच चाचण्या फार सुबक आहेत. एका ओळीत फॉन्टची फाइल, युनिकोड क्रमांकांची रांग आणि अपेक्षित आकृत्यांची रांग. बस्स. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात कुणाच्या तरी भाषेतलं एक अक्षर मोडलं, कुणीतरी तक्रार केली, ते दुरुस्त झालं आणि ते पुन्हा मोडू नये म्हणून ही ओळ लिहिली गेली. अशा ओळी एकापाठोपाठ एक वाचताना जाणवतं, की ही लायब्ररी मुख्यतः एका बुद्धिमान माणसाने लिहिली हे खरं असलं, तरी तिची विश्वासार्हता असंख्य वाचकांच्या नजरेतून आली आहे. परक्या कोडची ओळख करून घ्यायची असेल तर मी चाचण्यांपासून सुरुवात करायला सांगते. कोड कसं करतो ते नंतर कळेल. त्याला काय करायचं आहे, हे चाचण्या आधी सांगतात.

आता आमचा प्रश्न विचारायची वेळ आली. ‘एचबी-शेप’ला मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला मुक्ता हा फॉन्ट दिला आणि ‘दऱ्या’चे क्रमांक दिले. उत्तर बरोबर आलं. मराठीचा हा ‘ऱ्’, म्हणजे आडवी, पापणीसारखी रेघ, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ‘ऱ’, क्रमांक ०९३१, आणि त्यानंतर हलंत. दोन, साधा ‘र’, हलंत आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचा, डोळ्यांना न दिसणारा जोडवर्ण. दुसरी रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून टिकवलेली आहे. हे रूप मराठीत आणि नेवारीत वापरलं जातं, असा उल्लेख युनिकोडच्या मानकातच आहे. आम्ही दोन्ही रीती दिल्या, दोन्हींतून पापणीच आली. म्हणजे लायब्ररी आणि फॉन्ट दोघंही निर्दोष होते. मग वाचकाच्या पडद्यावर रफार येतो कुठून?

त्यासाठी आमच्या ॲपची संगणकावर चालणारी आवृत्ती आम्ही स्वतः बिल्ड केलेल्या हार्फबझला जोडली. बिल्डचा प्रकार बदलून ‘डीबग’ केला. नेहमीच्या बिल्डमध्ये कंपायलर कोड वेगवान करण्यासाठी इतकी उलथापालथ करतो, की डीबगरमध्ये चलांच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ एवढंच दिसतं. परका कोड वाचायला आणताना वेगाची पर्वा नसते. त्याची प्रत्येक पायरी दिसली पाहिजे. भारतीय लिप्यांची मांडणी करणारी फाइल उघडली. तिच्या माथ्यावर २०११ आणि २०१२ या सालांची हक्कसूचना आहे. तिथे संयुक्त वर्णांची फोड करणारं एक छोटं फंक्शन आहे. मी त्यावर ब्रेकपॉइंट ठेवला, अट अशी, की वर्ण ०९३१ असेल तरच थांब.

जे पुस्तक बरोबर दिसत होतं, ते आधी उघडलं. प्रोग्रॅम थांबला. डीबगरच्या चौकटीत आकडा आला २३५३, म्हणजे षोडशमान पद्धतीतला ०९३१. आमचा ‘ऱ’. आणि ज्या ओळीपाशी तो उभा होता, तिथे थोड्याशा अक्षरांची एक यादी होती, वर शेरा होता, की यांची फोड करू नका. त्या यादीतलं पहिलंच नाव देवनागरी ‘ऱ’चं. युनिकोडच्या नियमाने ‘ऱ’ची फोड ‘र’ आणि नुक्ता अशी होऊ शकते. लायब्ररी इतर अनेक अक्षरांची तशी फोड करून पाहते. पण या अक्षराला हात लावायचा नाही, असं तिथे कुणीतरी ठरवून लिहून ठेवलं होतं. मी काही क्षण त्या ओळीकडे बघतच राहिले. शाळेत बाईंनी पाटीवर गिरवून घेतलेलं हे अक्षर जगभरच्या फोनमध्ये ज्या कोडमधून जातं, तिथे त्याची स्वतंत्र दखल घेतलेली होती. शेजारी बसलेल्या मुलाला मी म्हटलं, “बघ, आपली भाषा इथे राहते.” तोही गप्प होता.

मग चुकीचं दिसणारं पुस्तक उघडलं. ब्रेकपॉइंट लागलाच नाही. याचा अर्थ, ‘ऱ’ इथवर पोचतच नव्हता. अट काढून टाकली आणि लायब्ररीच्या हाती आलेली मूळ रांग पाहिली. २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६. द, र, हलंत, य, काना. पुस्तकाची मूळ फाइल उघडली, तर तिथे हलंत आणि ‘य’ यांच्यामध्ये ८२०५ हा आकडा होता, तोच तो न दिसणारा जोडवर्ण. वाटेत कुठेतरी तो गळला होता. शोध घेतल्यावर उलगडलं. ॲपमध्ये मजकूर आत घेताना ‘अनावश्यक अदृश्य वर्ण’ साफ करणारा एक टप्पा होता, आणि इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या त्याच्या यादीत झेडडब्ल्यूजेही होता. ज्या पुस्तकांत नुक्त्याचा ‘ऱ’ टंकला होता ती बचावली. ज्यांत जुन्या रीतीने लिहिलं होतं त्यांच्या दऱ्या दर्या झाल्या. त्या यादीतून तो वर्ण काढला, दोन्ही रीतींच्या चाचण्या आमच्या भांडारात लिहिल्या आणि पुढच्या आवृत्तीत तक्रार मिटली.

हे हार्फबझ न आणताही सापडलं असतं का? कदाचित. पण टीममधला कल वेगळा होता. लायब्ररी बदलून पाहू, फॉन्ट बदलून पाहू, नाहीतर त्या अक्षरासाठी आपणच एक ठिगळ लावू, असे पर्याय चर्चेत होते. यातला कुठलाही मार्ग घेतला असता, तर निर्दोष कोड बदलला गेला असता आणि दोष जागच्या जागी राहिला असता. कोड यंत्रावर आणल्यामुळे आम्हाला पुरावा मिळाला. इथे बरोबर आहे, इथेही बरोबर आहे, आणि इथे येण्याआधीच बिघडलं आहे, असं बोट ठेवून दाखवता आलं.

त्या कामानंतर आम्ही काही सवयी लावून घेतल्या. बाहेरून आणलेला कोड एका ठरलेल्या फोल्डरमध्ये, मूळ रूपात राहतो. त्याच्याशेजारी एका छोट्या फाइलमध्ये तो कुठून आणला, कोणत्या टॅगचा, परवाना कोणता, आणि आम्ही काही बदललं असेल तर काय आणि का, हे लिहिलेलं असतं. क्रोमियमसारखे मोठे प्रकल्प अशा नोंदी वर्षानुवर्षं काटेकोरपणे ठेवतात. आमचे बदल वेगळ्या शाखेवर राहतात, म्हणजे मूळ प्रकल्प पुढे गेला की ते पुन्हा त्यावर बसवता येतात. आणि एखादा बदल सगळ्यांच्या उपयोगाचा असेल तर तो मूळ प्रकल्पाकडे पाठवायचा. आपल्याजवळच ठेवलेल्या दुरुस्तीचं ओझं दर आवृत्तीला पुन्हा उचलावं लागतं. मुळाशी मिसळलेली दुरुस्ती जगाची होते.

महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही मराठी बोलणारे हजारो अभियंते आहेत. त्यातले कित्येक जण रोज अशाच लायब्ररींच्या आधारावर जगभराची उत्पादनं घडवतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाने वर्षातून एखादा तरी परका प्रकल्प आपल्या यंत्रावर मुळापासून बांधून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. तो मोठा नसला तरी चालेल. ज्यावर आपलं रोजचं काम चालतं तो असावा, आणि आपल्या भाषेशी त्याचा संबंध असेल तर फारच उत्तम. अक्षरजुळणी, शुद्धलेखन तपासणी, शब्दकोश, उच्चार, वर्णक्रम अशी कितीतरी कामं आहेत, जिथे मराठीची बाजू मांडायला आतून कोड वाचलेलं माणूस लागतं. तक्रार बाहेरून करता येते. कारण सांगायचं तर आत शिरावं लागतं.

आमच्या टीममध्ये आता एक नियम आहे. नवीन मुक्त स्रोताची लायब्ररी घ्यायची असेल, तर आधी ती आपल्यापैकी कुणीतरी मूळ कोडपासून बिल्ड करून, तिच्या चाचण्या चालवून आणि तिच्या आत एक ब्रेकपॉइंट लावून दाखवायची. एवढं झालं की मगच ती उत्पादनात येते. त्यात थोडा वेळ जातो हे मी वरिष्ठांना प्रत्येक वेळी स्पष्ट सांगते, आणि तो वेळ मागूनही घेते. कारण ज्या दिवशी काहीतरी बिघडेल, त्या दिवशी कोड वाचण्याचा हक्क आपल्या हातात असलेला बरा, आणि तो आधीच मिळवून ठेवावा लागतो.